ताबा

स्वतःच्याच घराची कडी वाजवून दत्तात्रय सर एक पायरी खाली सरकले आणि त्यांनी बायकोला पुढे केलं.

इतवाऱ्यातलं हे घर भाडेकरू गेल्यापासून बंद होतं. भूपेंद्र नावाच्या माणसानं कुलूप तोडून तिथं बिऱ्हाड थाटलं होतं. ना विचारणं, ना भाडं. सर जेव्हा जेव्हा सांगायला आले, तेव्हा चहा पिऊन परत गेले. पोलीस ठाण्यात गेले, तर "ये दीवानी मामला है, मास्टरजी," म्हणून वाटेला लावलं. आणि उद्या तृप्ती, त्यांची मुलगी, खकनारहून बदली होऊन लेकरांसह याच घरात राहायला येणार होती. तिकडची खोली तिनं सोडलीसुद्धा होती.

"तुम्ही तोंड उघडू नका," शोभाताईंनी निघतानाच बजावलं होतं. "त्यांचं सामान बाहेर पडल्याशिवाय मी हलत नाही."

दार भूपेंद्रच्या बायकोनं, प्रतिभानं उघडलं. शोभाताईंनी उंबऱ्यावरच सुरुवात केली. दुसऱ्याचं कुलूप तोडताना लाज कशी वाटली नाही, इथपासून. आवाज गल्लीभर गेला. सरांना बरं वाटलं. यातले चार शब्दही त्यांना जमले नसते. प्रतिभा मान खाली घालून ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, घर सुनं पडलं होतं, आम्ही आलो तर दिवा तरी लागला. त्यावर शोभाताई आणखी भडकल्या. संध्याकाळपर्यंत घर खाली करा, त्यांनी सुनावलं. प्रतिभा "हो काकू" म्हणून आत गेली. सरांना वाटलं, सामान बांधायला गेली.

ती आली ती ताट घेऊन. हळदकुंकू, तांदूळ, नारळ, खण.

"काकू पहिल्यांदाच आल्या आमच्या घरी. सवाष्ण बाई, ओटी भरल्याबिगर कशी पाठवू?"

"हे काय मध्येच," शोभाताई म्हणाल्या खऱ्या, पण कपाळ पुढे झालं होतं. हातांनी पदर पसरला होता. सर पायरीवरून "अगं" म्हणाले. कुणी ऐकलं नाही. पदरात तांदूळ पडले, नारळ पडला. प्रतिभानं वाकून पायांवर डोकं टेकवलं.

"सुखानं नांद, बाई," शोभाताई म्हणाल्या.

प्रतिभानं उठता उठता आत पाहिलं. "ऐकलं का हो? काकूंनी नांद म्हटलं."

आतून भूपेंद्रचं हसणं ऐकू आलं. बसा की काका, चहा घेऊनच जा, तो म्हणाला.

दोघं गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आले. शोभाताईंनी ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"नांद कशाला म्हणालीस?" बायकोवर सरांचा आवाज कधी चढला नव्हता, तो चढला.

शोभाताई थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मग अशा वेळी काय म्हणतात? सांगा. एवढं वाचता तुम्ही."

सर आठवत उभे राहिले.