कातडीची मेथी

हे लिहून ठेवायचं निवृत्तीच्या मनातच नव्हतं. पण शेवटी बसला टाइप करायला.

झालं असं, की त्याचा दोस्त भरमू नव्या मेथीची जुडी घेऊन घरी आला. पानं सावळी, कोमट आणि वर बारीक लव. निवृत्तीने एक पान खुडलं, तर कुणाचा तरी कान धरल्यासारखं वाटलं.

"शी! हे काय रे?"

"प्रयोगशाळेत बियाण्यात माणसाच्या कातडीचा रंग घातलाय," भरमू म्हणाला. "आता उन्हातले अतिनील किरण साध्या पानाला जाळतात. हिरवेपणा मरतो, मग पान स्वतःचं अन्नच बनवू शकत नाही. गेल्या साली गावात एक काडी उगवली नाही. हे पान रापतं, पण तगतं."

"कुणाच्या कातडीचा?"

भरमूने मान खाली घातली. "माझ्याच. दुसरं कोण देणार?"

कढईत परतली तर केस जळाल्याचा वास सुटला. निवृत्तीने घास घेतला आणि तोंड दाबून धरलं.

"कशी लागतेय?"

"तुझ्या काखेसारखी, लेका!"

भरमू हसला नाही. "उद्या गावजेवण आहे. कुणीच तोंड लावलं नाही तर बियाणं प्रयोगशाळेत परत जाईल. पोरं यंदाही जेवणाच्या पावडरीवरच राहतील."

निवृत्तीने घास कसाबसा गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या सगळ्यांच्या देखत मी दोन ताटं खातो," तो म्हणाला. "ओकायचं ते घरी जाऊन ओकेन. शब्द देतो तुला."