मंजूची गाठोडी

"आज पुन्हा अकरा," हेमेंद्र लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या म्हणाला. "एका दुपारात अकरा गाठोडे! ही मंजू बाई नोहे, मशीन आहे."

दुर्गेश्वरीनं चहाचा कप त्याच्याजवळ ठेवला. जरा आदळलाच.

"मशीनले भूक नाही लागत. मायच्या गोळ्या आणल्या का?"

"विसरलो."

मंजूचं मात्र तो काही विसरत नसे.

गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या त्या घरात दोन ढोल्या होत्या. एक ओसरीतली, बांबूची, शेणानं सारवलेली, धानानं भरलेली. दुसरी हेमेंद्रनं कॉम्प्युटरात बांधलेली. गावोगावच्या शाळांत जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. एक प्रोग्राम टाकायचा तर त्याला दुसरा लागे, दुसऱ्याला तिसरा, आणि इंटरनेट पाहुण्यासारखं येई-जाई. म्हणून हेमेंद्रनं तोड काढली. प्रोग्राम आणि त्याला लागेल ते सारं एका गाठोड्यात बांधायचं, गाठोडी ढोलीत ठेवायची, ढोली पेनड्राइव्हवर शाळेत न्यायची. एक आज्ञा दिली की काम झालं. नियम एवढाच, की प्रत्येक गाठोड्यावर राखणदाराचं नाव पाहिजे. बिघडलं तर विचारायचं कुणाला?

ढोली उभी राहिली, पण आत दाणा नव्हता. हेमेंद्र दिवसभर गोंदियाच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करी. संध्याकाळी एकटा किती बांधणार?

"मी बांधू का?" दुर्गेश्वरीनं तेव्हा विचारलं होतं. "कॉलेजात हेच तं शिकली मी."

"तुह्या शिकण्यावर गंज चढला आता. हा भातुकलीचा खेळ नोहे."

मग उन्हाळ्यात कुठूनशी मंजू आली. आता ढोलीत चारशे गाठोडी होती, आणि त्यातल्या अडीचशेंवर मंजूचं नाव होतं.

हेमेंद्र रोज तिला लिही आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाची. "आपलं काम पाहून मन भरून आलं. आपण तब्येतीची काळजी घ्यावी."

आपण! पोळी तव्यावर करपली तरी दुर्गेश्वरीला कळलं नाही. सहा वर्षांत तिच्या वाट्याला असा शब्द आला नव्हता. लग्नात ताटातल्या तांदळावर त्यानं अंगठीनं 'दुर्गेश्वरी' लिहिलं होतं, दाणा दाणा सारून, वळणदार. तिच्यासाठी त्यानं लिहिलेली तीच पहिली आणि तीच शेवटची अक्षरं. आता सारं वळण मंजूच्या पत्रांत जात होतं.

"मंजू कोण, हे तरी माहीत आहे का तुमाले?"

"नाव-गाव कायले पायजे? काम पाय तिचं."

श्रावणात सासूला, शकुंतलाबाईंना, ताप भरला. दुर्गेश्वरी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून होती. चौथ्या दिवशी हेमेंद्र डबा घेऊन आला तो तोंड पाडूनच.

"काय झालं जी?"

"चार दिस झाले, मंजूचं एकबी गाठोडं नाही. बिमार तं नसन?"

"बिमार तुमची माय आहे."

"ते तं आहेच," तो म्हणाला, आणि मोबाइल पाहत बसला. तू जेवलीस का, हे त्यानं विचारलं नाही.

घरी परतल्यावर पुन्हा रोजचा क्रम सुरू झाला. दुपारी ती बाहेरगावी शिकणाऱ्या दिराच्या जुन्या लॅपटॉपवर सासूला भजन लावून देई. दोन भजनांत म्हातारीला झोप लागे. मग सुनं घर आणि ती. आपल्याशीच गुणगुणे:

माह्या घरचा वो दिवा, उजेड परक्या दारी
तेल मीच वो घालते, बसून अंधारी

पोळा झाला आणि एका संध्याकाळी हेमेंद्र उड्या मारतच आत आला.

"मंजूले ढोलीची दुसरी किल्ली देऊन राहिलो. माह्यासंगं बरोबरीची मालकीण. तिच्याबिगर आता जमतच नाही. रविवारी भेटते म्हणते, अकरा वाजता, कोहमाऱ्याच्या चौकातल्या ढाब्यावर. तुह्याच माहेरची निंगाली! ओळखतं का तू?"

दुर्गेश्वरी तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"लग्नाआधी ओळखत होती."

"कशी आहे?"

"हासरी होती. लय बोलायची."

"आन् आता?"

"आता कोणी विचारलं तिले?" ती सूप झटकत म्हणाली. "मी बी येते रविवारी."

"चाल. तू तुह्या मायकडं जाजो, मी तिले भेटून घेईन."

रविवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. दोनदा भांग पाडला. दुर्गेश्वरी जड पिशवी मांडीवर घेऊन मोटरसायकलवर मागं बसली. सडकभर तो मंजूशी काय काय बोलायचं तेच सांगत होता, आणि वारा ते सारं तिच्या कानात कोंबत होता.

ढाब्यावर तो सडकेकडं तोंड करून बसला. ती त्याच्या समोरच्या खुर्चीत.

"तू जाय नं घरी. माय वाट पाहत असन."

"बसते जराशी."

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. देवरीची बस आली, गेली. हेमेंद्रचा चेहरा जत्रेत हरवलेल्या लेकरासारखा झाला. असा जीव कोणासाठी तरी याचा खालीवर होतो तर! दुर्गेश्वरीच्या छातीत जळालं.

"नाहीच आली तं?" तिनं विचारलं.

"असं नको बोलू. सारं थांबन माहं."

"आन् मी नसती आली तं?"

त्याला ऐकू गेलं नाही. दुसरी बस थांबली होती. तो उठून उभा राहिला, उतरणाऱ्या एकेका बाईचं तोंड निरखू लागला.

तेवढ्यात ढाब्यावर पोळ्या लाटणारी म्हातारी जमुनाबाई हात झटकत बाहेर आली. डोळे बारीक करून तिनं पाहिलं, हेमेंद्रच्या बाजूनं पुढं झाली, आणि पिठाच्या दोन्ही हातांनी दुर्गेश्वरीचं तोंड धरून म्हणाली,

"अवं मंजू! कवा आली वो माय?"