डुप्लिकेटचा चेहरा

ऋषीने तोच शॉट पुन्हा चालवला, थांबवला, पुन्हा चालवला. ठेवावा की काढावा?

सीवूड्सच्या त्या एडिटिंग रूममध्ये नाचाच्या फिल्मबद्दल प्रत्येकाला मत होतं आणि सगळी मतं एडिटर म्हणून ऋषीच्या डोक्यावर येऊन बसली होती. निर्माते म्हणत, खाडीवरचे ड्रोन शॉट वाढव. दिग्दर्शक कुंदन म्हणे, हिरॉइनचा चेहरा म्हणजेच नाच. हिरॉइनला तर नाचताच येत नव्हतं. चेहरा तिचा आणि पाय, पाठ, गिरक्या डुप्लिकेटच्या, म्हणजे खांदेश्वरला डान्स क्लास घेणाऱ्या सुचिताच्या, असं जोडकाम तो करत होता. चांगली डान्स फिल्म कशाला म्हणतात, हे आता कुणी विचारलं असतं तर तो बिचारा रडला असता.

त्यात सकाळी सुचिताचा फोन आला. फिल्मच्या उद्याच्या खास शोला तिची आई येणार होती. "ऋषी, मी कुठंतरी दिसेन ना रे? जरासं तरी?" एवढंच तिने विचारलं. ऋषीला फार वाईट वाटलं. सगळं शूटिंग उपसल्यावर त्याला हा एकच शॉट सापडला. गिरकी घेताना सुचिताचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळला होता. घामेजलेला, हसरा, अगदी तिचा. कुंदनच्या लक्षात आलं असतं तर काम हातचं गेलं असतं. तरी ऋषीने हिय्या करून शॉट गाण्यात घुसवला आणि सुचिताला बोलावून घेतलं.

तिने शॉट पाहिला. स्वतःला बघून लाजलीच.

"परत लाव ना."

या वेळी ती खुर्ची ओढून पुढे सरकली. हसू मावळलं.

"काढ हा."

"अगं, वेडी आहेस का? कुंदनला कळलं तर माझी वाट लागेल, तरी टाकलाय मी!"

"माहितीये रे. पण पाय चुकलाय माझा. टाच ठोक्याच्या आधीच पडलीये."

"कुणाला कळणारे? सगळे चेहरा बघतील."

"आईला कळेल. तिनेच शिकवलंय मला."

ऋषी पार गोंधळला. सकाळी दिसेन ना म्हणून हीच विचारत होती आणि आता हीच नको म्हणत होती. त्याने नाइलाजाने शॉट काढला.

"मग आता उद्या आईला तू दिसणार कुठे?"

 सुचिता खिन्नपणे पडद्याकडे बघत बसली. गाणं चालूच होतं. हिरॉइनचा चेहरा, मग पाय, पुन्हा चेहरा, मग पाठ, गिरकी, पाय. बघता बघता सुचिता एकदम सावरून बसली.

"सगळीकडे," ती म्हणाली. "आई माझे पाय ओळखते."