‘वैकुंठरथ’ खरवडताना

‘वै’ निघाला, ‘कुं’ही निघाला, ‘ठ’ मात्र हटून बसला. राजकुमारनं हेअर ड्रायर त्याच्या अगदी तोंडाशी धरला, कडेला नख घातलं आणि हळूच ओढलं. नखाएवढा तुकडा हातात आला, बाकीचा पत्र्यालाच चिकटून राहिला. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं स्टिकर, त्याचा पापड झाला होता. एकसंध सोलून निघायचे त्याचे दिवस केव्हाच सरले होते.

उद्या सकाळी पेंटर गाडी पिवळी करायला नेणार होता. त्याआधी दोन्ही बाजूंची अक्षरं मुळापासून जायला हवी होती. गोंदाची एक रेघ राहिली तरी नव्या रंगाखालून फुगून वर येते, असं पेंटरनं बजावलं होतं. आणि ही पहिली बाजूच अजून संपत नव्हती. दुसरी भिंतीकडे तोंड करून तशीच उभी.

गाडी एका संस्थेची शववाहिका होती. राजकुमारच ती चालवायचा. संस्थेनं नवी घेतली तेव्हा जुनी त्यानं स्वतःसाठी घेतली, आत बाकं बसवली, आरटीओचे कागद केले आणि कॉलनीतल्या आयाबायांना सांगून ठेवलं की यंदा पोरांना शाळेत मी नेतो. गाडी आधी काय होती, तेवढं मात्र सांगितलं नाही.

रेडियमवाल्यानं हीट गननं हे काम चुटकीसरशी केलं असतं. पण क्रांती चौकात, भर दुकानासमोर ‘वैकुंठरथ’ खरवडत बसायचं म्हणजे शहरभर दवंडीच. म्हणून मग घरामागची गल्ली, बायकोचा हेअर ड्रायर, जुनं एटीएम कार्ड आणि गोंदावर चोळायला खोबरेल तेल. गल्लीतून स्कूटर गेली की हा ड्रायर बंद करायचा आणि चाकातली हवा बघितल्यासारखं करायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

“सांगून टाका की सरळ,” त्याची बायको करुणा तेलाची चिंधी घासत म्हणाली. “आपण कुठं भूत-बित मानतो?”

“आपण नाय मानत. गिऱ्हाईक मानतं.”

“आन् उद्या कळलं म्हंजे?”

“झाकली मूठ हाय तवर राहू दे. तू घास.”

ती बरोबर बोलत होती, म्हणूनच त्याला राग आला. एका आईनं नाही म्हटलं की दुसरी म्हणणार, तिसरीला ते नळावर कळणार. मग गाडी दारात उभी करून ठेवायची आणि सगळ्या घरानं तिच्याकडे बघत बसायचं.

शेवटचा ‘थ’ निघाला. दोघं चार पावलं मागं सरकून बघायला लागले. सगळा पत्रा उन्हानं पिवळट पडलेला, आणि अक्षरांखालचा तेवढा कोरा पांढरा. स्टिकर होतं तेव्हा जवळ जाऊन वाचावं लागायचं, इतकं ते विटलं होतं. आता गल्लीच्या टोकावरूनही ‘वैकुंठरथ’ लख्ख दिसत होतं.

“राजकुमारभाऊ इथंच राहतात ना?”

वळून बघतो तर एक बाई गल्लीतून सरळ गाडीकडेच येत होती. “मी मेघा, सार्थकची आई. आमचे हे बोलले होते तुमच्याशी. म्हटलं, पोरगं पहिल्यांदाच एकटं जाणार, गाडी तरी बघून घ्यावी.”

राजकुमार झटक्यात पत्र्याला पाठ लावून उभा राहिला. पाठीमागं ‘कुंठ’ झाकलं गेलं. एकीकडे ‘वै’ आणि दुसरीकडे ‘रथ’, दोन्ही उघडेच.

“आधी कशाची होती हो गाडी?”

“शाळेचीच, ताई. तिकडं देवगाव रंगारीकडं चालायची.”

करुणानं मान खाली घातली. मेघा अक्षरांकडे बघतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“परत बोला.”

“काय?”

“आत्ता ताई म्हणालात ना, तसं.”

“ताई,” तो म्हणाला. संपलं, त्याला वाटलं. गेली कॉलनी हातची.

“पैठण रोडचं काम चालू होतं,” मेघा म्हणाली. “घाटी दवाखान्यातून बिडकीनला आईला शेवटचं नेत होतो. मी मागं बसले होते, तिचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. तुम्ही मागं वळून एकदाबी बघितलं नाही. पण दर खड्ड्याच्या आधी सांगत होता, ताई, धरा. ताई, धरा.”

राजकुमारला ती आठवेना. आठवणार तरी कशी? शववाहिकेच्या आरशातून मागं बघायचं नाही, असं त्यानंच ठरवलेलं होतं. कोण रडतंय ते दिसलं की स्टेअरिंगवरचे हात ढिले पडतात.

तो पत्र्यापासून बाजूला झाला.

“व्हय ताई, तीच गाडी. खोटं बोललो मी. उद्या रंग मारून घेणार हाय. तुम्ही पोराला नका बसवू, पण बाकीच्यांना तेवढं...” माणसाला इतकं लाजिरवाणं वाटू नये.

मेघानं दार सरकवलं. आत वाकून एकेक बाक हलवून बघितलं, खिडकीची दांडी ओढून बघितली आणि दार पुन्हा लावलं.

“चालवणार तुम्हीच ना?”

“मीच.”

“मग झालं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.”