पाठमोरा श्रोता

आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात भित्र्या कुत्र्यांना पुस्तक वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. नियम एकच: पिंजऱ्यात त्यांच्याकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही.

"माझा आवाज हा असा घोगरा," मी म्हणालो होतो.

"आजोबा, ती काय परीक्षक आहेत?" निवारा सांभाळणारी ताई हसली होती.

त्यातली आमची भागूबाई काही केल्या कोपरा सोडत नव्हती. माणसाजवळच आली नाही, तर तिला घरी कोण नेणार?

आज नेहमीसारखा खाली मान घालून तिच्या पिंजऱ्यात गेलो, पाठमोरा बसलो. वाचता वाचता गमतीचा प्रसंग आला आणि माझ्या खांद्यावर अलगद हनुवटी टेकली. उबदार श्वास गालाला लागला. डोळे भरून आले. माझं वाचन इतक्या जवळून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात ताई धावत दारात आली. तिच्या कडेवर भागूबाई होती, चिंब ओली, शेपूट हलवत.

"आजोबा, घर मिळालं हिला! अंघोळ घालत होते, तर बघायला आलेल्या मुलीच्या मांडीवरच चढली! आणि तुम्ही रिकाम्या पिंजऱ्यात काय वाचत बसलात?"

मी आनंदाने हसलो आणि उठू लागलो. खांद्यावरची हनुवटी जड झाली. माझ्या डोळ्यांदेखत पुस्तकाचं पान आपोआप उलटलं, आणि त्याच्या कोपऱ्यावर नाकाचा ओला ठसा उमटला.