आर्लिसबाईंचे चाळीस सेकंद

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या करवसुली कचेरीतल्या आर्लिसबाई निवृत्तीला दोनच वर्षं उरल्यामुळे नवं काही शिकायला तयार नव्हत्या. म्हणून मी त्यांच्या नव्याकोऱ्या कंप्युटरला त्या वर्षानुवर्षं वापरत आलेल्या जुन्या टर्मिनलचं सोंग घ्यायला लावलं. तीच हिरवी अक्षरं, तीच खटखट, आणि जुन्या कीबोर्डसारखं उजव्या कंट्रोलच्या बटणावर एंटर.

आठवड्यात तक्रार आली. "काहीतरी चुकलंय रे."

"रंग? आवाज?"

"ते झकास आहे. पण पूर्वी एंटर दाबलं की पुढचं पान यायला चाळीस सेकंद लागायचे. हे मेलं लगेच येतं."

"मग बरंच झालं की, बाई."

त्यांनी खणातून लोकर आणि सुया काढून टेबलावर आपटल्या.



"नातवाचा डावा हातमोजा झालाय. आता उजवा काय घरी बसून विणू?"