दर तीन तासांनी

"डोळा उघडा म्हटलं की माणूस डोळा उघडतो. तुम्ही तोंड काय उघडताय?" सरोजिनीबाई म्हणाल्या.

गंगाधररावांनी तोंड मिटलं आणि सोबत डोळेही मिटले. टॉर्चएवढं यंत्र हातात धरून सरोजिनीबाई ताटकळल्या. यंत्राची बारीक सळी बुबुळाला क्षणभर टेकते, एवढंच. दुखत नाही. पण पोस्टात छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या या माणसाची दुसऱ्याला इंजेक्शन देताना पाहूनही पाचावर धारण बसायची.

"तुझं बरंय," ते डोळे न उघडताच म्हणाले. "सदुसष्टाव्या वर्षी बिनचष्म्याने पेपर वाचतेस. डोळ्यांच्या डॉक्टरची पायरी कधी चढली नाहीस."

त्यांचा काचबिंदू दोन वर्षांपूर्वी निघाला होता. दवाखान्यात डोळ्याचं प्रेशर बरं यायचं, तरी उजव्या डोळ्याची नजर कडेकडेने कमी होत होती. दादरच्या डॉक्टर वैशाली मॅडमनी शेवटी यंत्रच घरी दिलं. "प्रेशर दिवसभर सारखं नसतं, काका. चोवीस तास, दर तीन तासांनी मोजा. आकडे तुम्हाला दिसणार नाहीत, मशीनमध्ये साठतील. ते बघून ऑपरेशनचं ठरवू."

ऑपरेशनचं नाव निघाल्यापासून गंगाधररावांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. चार दिवसांत गाल बसले होते.

सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे बघून सुस्कारा सोडला. "उन्मेष, आरोही, तुम्ही जरा बाहेर बसा. यांना सगळ्यांसमोर लाज वाटते."

मुलगा आणि सून बाहेरच्या खोलीत आले. आतलं दार लागलं. बराच वेळ कुजबुज झाली. मग यंत्राची टिकटिक ऐकू आली, एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा.

दार उघडलं तेव्हा गंगाधरराव चक्क हसत होते. "मला तर काही कळलंसुद्धा नाही रे! आरोही, पोहे उरलेत का?"

मागून सरोजिनीबाई पदराने डोळे टिपत आल्या.

"आई, रडताय?"

"छे गं. काहीतरीच तुझं."

आरोहीने विषय वाढवला नाही. बेचाळीस वर्षांच्या जोडीदाराची नजर जाणार म्हटल्यावर कोणाला भरून येणार नाही?

त्या दिवशी गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत सण आल्यासारखं झालं. बाराच्या मापानंतर गंगाधरराव दोन वाट्या आमटी प्यायले. तीनच्या मापानंतर गॅलरीत उभं राहून समोरच्या हितेंद्रशी क्रिकेटवर हुज्जत घातली. सहाला तर गजर होताच "चला, चला, वेळ झाली" म्हणत तेच आधी उठले. रात्रीचे गजरही कोणी चुकवले नाहीत. दर वेळी ते खुशीत बाहेर यायचे आणि त्या डोळे टिपत.

"बाबा शूर निघाले," उन्मेष म्हणाला. "आईच हळवी."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दादरला गेले. गंगाधररावांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. येताना पेढे घ्यायचे, हे वाटेतच ठरलं होतं.

वैशाली मॅडमनी यंत्र कम्प्युटरला जोडलं. बघता बघता त्यांचं हसू मावळलं.

"माझी शंका खरी ठरली, काका. पहाटे सहाला बत्तीस. दिवसाही सव्वीसच्या खाली नाही. एकवीसपर्यंत ठीक म्हणतो आम्ही. हे कळलं नसतं, तर काही वर्षांत नजर गेली असती. पण वेळेत सापडलंय. काळजी करू नका, नजर वाचेल. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून टाकू."

ऑपरेशन म्हटल्यावरही गंगाधरराव दचकले नाहीत. त्यांनी बायकोचा हात धरला. तो गार पडला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तिच्यावर माया दाटून आली.

"माझं काय करायचं ते खुशाल करा, मॅडम. उद्या म्हणाल तर उद्या टेबलावर झोपतो," ते म्हणाले. "पण आज या खुर्चीत हिला बसवा. मशीनमधले आठही वेळचे आकडे हिच्या डोळ्यांचे आहेत."